रांगेबाहेरचा विन्या

विन्या,

तुझ्या शोकसभेत माझा मुलगा दहा मिनिटं मराठीत बोलला. हातात कागद नव्हता. त्याचं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. माझ्या साठीच्या कार्यक्रमात याच निखिलने "सगळे आलात, थँक्यू" एवढं म्हणून माईक खाली ठेवला होता. तेव्हा आधीच सांगून टाकतो, तू गेल्याचं मला दुःख झालं आहे, पण त्याच्याही आधी मला तुझा हेवा वाटला. तुला यात काही नवीन वाटणार नाही. मी तुझा हेवा करतो हे माझ्या आधी तुलाच कळलं असावं.

तू शनिवार पेठेतला, मी सदाशिवातला. बँक सुटली की मी सायकल तुझ्या दाराशी लावायचो आणि तुझी आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्याच माई, आतून विचारायच्या, "गायला आलास की जेवायला?" आपल्या नाट्यसंगीताच्या संस्थेचा मी मुख्य गायक. पत्रिकेत माझं नाव मोठ्या टायपात यायचं आणि तुझं खाली, 'पेटीची साथ' या शब्दांपुढे. पण मी तान घेऊन थांबलो की तीच तान तू पेटीवर अशी काही परत करायचास की लोकांना माझी आठवायचीच नाही. टिळक रोडवरच्या एका कार्यक्रमानंतर एक गृहस्थ मुद्दाम आत आले. माझ्यासमोरून पुढे गेले आणि तुला म्हणाले, "तुमची पेटी ऐकायला आलो होतो. गाणंही होतं म्हणा." तू हसला नाहीस. बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणालास, "सुध्या, त्यांना कमी ऐकू येत असणार." ते सांत्वन मला अजूनही आवडलेलं नाही.

मग दिवस बदलले. घराघरात केबल आली. लग्नात लोक पेटीऐवजी कीबोर्ड मागायला लागले, तोही तू निमूटपणे शिकलास. आपण जिथे तालीम करायचो तो हॉल कॉम्प्युटरच्या क्लासला गेला. गल्लीतली मुलं बारावी झाली की त्याच हॉलमध्ये शिरायची आणि दोन-चार वर्षांनी थेट अमेरिकेला निघायची. मला बँक होती. तुला पेटीखेरीज काही नव्हतं, आणि ती ऐकणारे म्हातारे होत चालले होते.

त्याच मुलांनी तिकडे मंडळं काढली आणि गणपतीत त्यांना आपली आठवण झाली. आपण आठ जण कलाकारांच्या व्हिसावर गेलो. सहा गावं, सहा कार्यक्रम. शेवटचा न्यू जर्सीत. यजमानांच्या बेसमेंटमध्ये तू आणि मी एका गादीवर झोपलो. सकाळी उठलो तर तुझी चादर घडी घालून ठेवलेली. संस्थेची पेटी कोपऱ्यात होती, म्हणून मला वाटलं फिरायला गेला असेल. विमानतळाची गाडी आली तेव्हा ती चालवणारा मुलगा म्हणाला, "विनायककाका येणार नाहीत. काल बोलले मला."

त्याला सांगितलंस, विन्या. ज्याची तुझी ओळख चार दिवसांची, त्याला सांगितलंस. आणि माझ्या शेजारी रात्रभर घोरत पडलास.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. मुंबईला वकिलातीत काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या ग्रुपमधले आठ गेले होते. सात परत आले. आठवा कुठे आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट व्हिसाशिवाय जसेच्या तसे परत मिळाले. संस्था त्यानंतर दोन वर्षं कशीबशी चालली. माझं गाणं तुझ्यामुळे बंद पडलं असं मी येईल त्याला सांगत असे. एकदा नीला स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुण्यात गायला व्हिसा लागत नाही." तिला तुझं कौतुक होतं. "काही म्हणा, धाडस लागतं हो," असं ती म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे बघायची.

माईंनाही तुझा अभिमान. शनिवारातल्या बायका आपापल्या मुलांच्या कंपन्यांची नावं सांगायच्या, कोण कुठल्या प्रोजेक्टवर, कोणाला कुठलं कार्ड मिळालं. माईंना कुणी विचारलं, "तुमचा विनू कुठल्या कंपनीत?" की त्या म्हणायच्या, "तो संगीतात आहे." तू एका देशी हॉटेलच्या मागच्या खोलीत कांदे चिरत होतास. मला ते ठाऊक होतं, कारण पुढे फोन करायला लागलास तेव्हा मला तू खरं सांगायचास. मालक देईल तो पगार, तोही हातात, कारण बँकेत खातं उघडायचं तर कागद हवेत. एकाच फ्लॅटमध्ये पाच जण, पाचही जण तुझ्यासारखे, कुणी मेक्सिकोचा, कुणी आपल्याकडच्याच कुठल्या राज्यातला. पगार चुकवला तरी बोलायची सोय नाही, कारण पोलिसांत कोण जाणार. हे सगळं ऐकून मला तुझी दया यायला हवी होती. यायचीही. पण फोन ठेवला की माझ्या लक्षात यायचं, की तू काहीतरी करून बसला आहेस आणि मी रोज दहा ते पाच काउंटरवर बसतो आहे.

माई गेल्या तेव्हा तुला येता आलं नाही. येऊ शकला असतास, पण परत जाता आलं नसतं. खांदा मी दिला, वैकुंठ स्मशानभूमीत अग्नीही मीच दिला. घरी येऊन अंघोळ करतो आहे तोच तुझा फोन. रडशील असं वाटलं होतं. तू विचारलंस, "कोण कोण आलं होतं?" मी नावं सांगत गेलो. समोरच्या काकू, वाणी, कोपऱ्यावरचे डॉक्टर. प्रत्येक नावानंतर तू "बरं" म्हणत होतास. नावं संपली तरी तू "अजून?" म्हणालास. मग जी माणसं आली नव्हती त्यांचीही नावं मी सांगितली.

पुढे निखिलही गेला. त्याला कंपनीने पाठवलं होतं, सगळे कागद चोख. निघताना मी त्याला बजावलं होतं, विनूकाकाच्या भानगडीत पडू नकोस, तुझं व्हिसाचं स्टेटस सांभाळ. पहिल्याच गणपतीत तू त्याला गाठलंस. मागून त्याचा आवाज ऐकून म्हणालास म्हणे, "अरे, हा सुध्याचा आवाज, पण सुरात कसा?" झालं. त्या दिवसापासून तू त्याच्या घरचा.

त्याचं लग्न झालं, मृणाल तिकडे गेली, सई झाली. ती सहा वर्षांची असताना तू तिला पेटीवर बसवलंस. एव्हाना तिकडच्या मराठी घरांतली वीस-बावीस मुलं तुझ्याकडे शिकत होती, कुणाच्या बेसमेंटमध्ये, कुणाच्या गॅरेजमध्ये. जे आईबाप दिवसभर बेकायदा लोकांना हाकला म्हणणाऱ्यांना माना डोलवायचे, ते संध्याकाळी मुलांना तुझ्यापुढे बसवून जायचे. तू हॉटेलातून दमून यायचास, हाताला लसणाचा वास, आणि मांडी घालून शिकवायचास.

मला शेवटी आईवडिलांचा म्हणून व्हिसा मिळाला आणि आम्ही दोघं निखिलकडे गेलो, तो उन्हाळा तुला आठवत असेल. दारात सई उभी होती. मी हात पुढे केले. ती आईला म्हणाली, "हे पुण्याचे आजोबा ना?" आणि तुला बघून धावत सुटली, "विनूआजोबा!" तू तिला उचललंस. तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. उकळतं तेल पडलं होतं. डॉक्टरकडे गेला नव्हतास, टूथपेस्ट लावली होतीस. त्या बोटांनीसुद्धा त्या संध्याकाळी तू जे वाजवलंस त्याने मला झोप लागली नाही. मला वाटलं होतं, निदान आता तरी आपण बरोबरीला आलो असू.

तिकडे तेव्हा टीव्हीवर सारखा तोच विषय. वरच्या सभागृहात विधेयक पास झालं होतं, खालच्यात चर्चेला येतंय की नाही यावर सगळे बोलत होते. तुझ्यासारख्यांनी दंड भरायचा, कर भरायचा, बरीच वर्षं थांबायचं आणि मग कागद मिळायचे. त्याच विधेयकात निखिलसारख्यांची ग्रीनकार्डाची रांग हलवायचीही सोय होती, पण ते त्याला दिसत नव्हतं. जेवताना तो भडकला.

"यांना माफी म्हणजे आम्ही मूर्ख. मी टॅक्स भरतो, दर तीन वर्षांनी नवे कागद काढतो. मृणाल इंजिनिअर आहे, तिला इथे नोकरी करायची परवानगी नाही. माझी नोकरी गेली तर उद्या घर आवरायचं. आणि रांग मोडून आलेल्यांना हार घालायचे?"

तू वरण वाढून घेत होतास. म्हणालास, "निखिल, ती रांग कुठे लागते तेवढं दाखव मला. मी आत्ता जाऊन शेवटी उभा राहतो."

"काका, तुमच्यासाठी रांगच नाहीये."

"तेच म्हणतोय. कॉम्प्युटरवाल्यांची आहे. कांदे चिरणाऱ्यांची नाही. कांदा मात्र त्यांना रोज चिरलेला लागतो."

"मग यायचं नव्हतं."

मृणालने हातातला डाव खाली ठेवला. नीला माझ्याकडे बघायला लागली. तू ताट पुढे सरकवलंस आणि म्हणालास, "बरोबर आहे तुझं. भात आहे का अजून?"

माझा मुलगा कायद्याने बरोबर होता. मला बरं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. तेवढ्यात सई पेटीवरचं कापड काढून तुझ्यापाशी आली. "विनूआजोबा, क्लासची वेळ झाली." तू हात धुऊन तिच्या मागे गेलास. निखिल ताटावरून उठला, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि क्लास संपेपर्यंत तिथून हलला नाही. तुला हॉटेलवर सोडायला गाडीही त्यानेच काढली.

दुसऱ्या दिवशी सोमवार, तुझी सुट्टी. आपण दोघं त्यांच्या कॉलनीत चालत होतो. मी म्हटलं, "परत चल."

"कशाला?"

"पुणं आहे. मी आहे."

"इथून एकदा पाय बाहेर ठेवला की दहा वर्षं आत घेत नाहीत."

"नाही घेतलं तर नाही घेतलं. काय ठेवलंय इथे? दुसऱ्याच्या हॉटेलात राबायचं, आजारी पडलास तर डॉक्टर नाही."

"सईचा भूप संपत आलाय. पुढच्या महिन्यात यमन सुरू करीन म्हणतो."

"ती माझी नात आहे, विन्या."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

थोडं पुढे गेल्यावर तू म्हणालास, "माई गेली त्या दिवशी मी भट्टीसमोर उभा होतो. शनिवार होता, तुफान गर्दी. तुझा इतका राग आला होता मला."

"माझा? मी काय केलं?"

"तू तिथे होतास."

तेव्हा मी तुला विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं होतं. "त्या रात्री मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला थांबू दिलं नसतंस."

"मीही थांबलो असतो कदाचित."

तू रस्त्यात उभा राहून हसलास. "बँक सोडून? तू?"

तेवढ्यात मागून निखिलची हाक आली, जेवायला बोलावत होता, आणि ते भांडण तिथेच राहिलं. पुढे फोनवर ते काढायचं धाडस मला झालं नाही आणि तू कधी काढलं नाहीस. त्या हसण्यावर मी नंतर पुष्कळ उत्तरं तयार केली. घर होतं, निखिल शाळेत होता, नीलाचं कसं झालं असतं. सगळी खरी आहेत. पण तू ज्या अर्थाने हसलास तेही खरं होतं. मी थांबलो नसतो. मला तुझा हेवा वाटतो तो तू तिकडे मजेत होतास म्हणून नाही, तू मजेत नव्हतासच. तू एक गोष्ट ठरवलीस आणि तिची किंमत शेवटपर्यंत स्वतः भरलीस, कुणाकडे रडला नाहीस. मी काहीच ठरवलं नाही आणि कुरकुर मात्र सगळी मी केली.

ते विधेयक खालच्या सभागृहात मतदानाला आलंच नाही. तुझी माफी आणि निखिलची रांग दोन्ही एकाच फायलीत पडून राहिली. त्यानंतर निखिल तुला कधी त्या विषयावर बोलला नाही. तू मात्र त्याला विचारायचास, "सरकली का रे रांग?" तो म्हणायचा, "नाही काका." "मग बस जेवायला."

तुझं एक देणं मान्य करतो. सई तिकडे जन्मली, पण तिचा 'ळ' स्वच्छ आहे, 'ण' स्वच्छ आहे. तिच्या वयाच्या तिकडच्या मुलांशी त्यांच्या आजीआजोबांना खुणांनी बोलावं लागतं. मी माझ्या नातीशी मनसोक्त मराठीत बोलतो. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मी तिला एक पद म्हणून दाखवलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "आजोबा, आज तुमचा आवाज बसलाय, की नेहमीच असा असतो?" मी हसलो. ते वाक्य शनिवार पेठेतलं होतं. माझ्या घरात ते तुझ्या तोंडून आलं होतं.

आता शेवटचं. छातीत दुखतंय हे तू आठवडाभर लपवलंस. मालकाला पित्त म्हणालास, सईला उचकी म्हणालास. त्या दिवसांत कामाच्या जागी धाडी पडत होत्या आणि हॉस्पिटलात कागद विचारतात अशी अफवा होती. क्लासला आलास तेव्हा तुझा रंग बघून निखिलने तुला गाडीत घातलं. तू म्हणालास म्हणे, "नको रे, तुझ्या स्टेटसला काही होईल." त्याने ऐकलं नाही. अतिदक्षता विभागात फक्त घरच्यांना सोडत होते. दारावरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही कोण? निखिल म्हणाला, "मुलगा."

हे त्याने मला फोनवर सांगितलं. "त्याशिवाय आत जाऊ देत नव्हते, बाबा."

"बरोबर केलंस," मी म्हणालो. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तू दोन दिवस होतास. मग पुन्हा फोन आला. तू गेल्याचं सांगून निखिल म्हणाला, "बाबा, एक विचारायचंय. इथले गुरुजी म्हणतात, वडील हयात असताना मुलाने दुसऱ्या कुणाचं करू नये. करायचंच असेल तर वडिलांची परवानगी घ्या, म्हणाले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, ऐकू येतंय ना?"

"येतंय. तिथे दुसरं कुणी नाही का? एवढे विद्यार्थी, त्यांचे वडील."

"पुष्कळ आहेत. सगळे तयार आहेत. पण मला करायचंय."

विन्या, या मुलाने माझ्याकडे आजवर सायकल मागितली, कॉम्प्युटर मागितला, फीचे पैसे मागितले. या आवाजात त्याने कधीच काही मागितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याबाबतीतला एक निर्णय माझ्या हातात आला होता, आणि खरं सांगतो, मी तो थोडा वेळ धरून ठेवला. नाही म्हणायला कारण होतं, शास्त्रही होतं. नीला समोर बसून माझ्याकडे बघत होती.

"कर," मी म्हणालो. "गोत्र काश्यप. वडिलांचं नाव दत्तात्रेय, आजोबांचं गोविंद. आईचं लक्ष्मी. गुरुजींना घाई करू देऊ नकोस."

"नाही देणार."

"आणि केस पूर्ण काढायची गरज नाही. मी जिवंत आहे अजून."

तो पलीकडे हसला की रडला, मला कळलं नाही.

निखिल एरवी मला रविवारी फोन करतो. पंधरा मिनिटं, हवा, तब्येत, लाइटबिल. तुझे दिवस होईपर्यंत तो रोज करत होता, दर्भ कुठले, पिंड कसे, कावळा नसेल तर काय करायचं. मी पेठेत जाऊन गुरुजींना विचारून यायचो आणि त्याला सांगायचो. तेरावं झालं तसा फोनही थांबला. मी म्हटलं, संपलं.

काल मंगळवार. सकाळी दाढी करत होतो तर त्याचा फोन.

"काय रे, काही काम होतं?"

"नाही बाबा. सहज केला."

आणि मग तो बोलायला लागला. विनूकाका पहिल्या गणपतीत कसे भेटले, हॉटेलातून उरलेली भाजी कशी आणायचे, सई चुकली की डोळे मिटून कसे बसायचे, बर्फात गाडी बंद पडली तेव्हा काय झालं. मला ठाऊक नसलेलं सगळं. पाऊण तास तो बोलत होता, सगळं तुझ्याबद्दल. माझ्या गालावरचा साबण वाळून गेला.